शिरोळचे मीठ कोणाच्या खात्यावर?

धागा : शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमीन, नीरेच्या खोऱ्यातील १९१० ची एक पुस्तिका, आणि ‘अति तेथे माती’ या म्हणीचा गैरवापर.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुका आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्या त्याला स्पर्श करतात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत मिसळते. जमीन सपाट, काळी, खोल. सुपीकतेचा नमुना म्हणून दाखवावी अशी. याच तालुक्यात उन्हाळ्यात हिंडताना मधूनच पांढरा पापुद्रा धरलेले शेत लागते. दुरून पाहिले तर कोणी चुना फासून ठेवला आहे असे वाटावे. त्यावर ऊस नाही, ज्वारी नाही. कुठे लव्हाळा, कुठे वेडी बाभूळ. कागदोपत्री ही जमीन बागायत असते, प्रत्यक्षात तिच्यात जनावरही चरायला सोडत नाहीत.

या पांढऱ्या शेतांविषयी शहरात एक निवाडा ठरून गेलेला आहे. शेतकऱ्याला पाण्याची हाव सुटली, त्याने ऊस बुडेपर्यंत भिजवला, जमीन मेली. अति तेथे माती. निवाडा सुटसुटीत आहे, म्हणीत बसतो, आणि त्यात आरोपी एकच असल्याने बाकी सगळे निर्दोष सुटतात. हा धागा त्या निवाड्याविरुद्ध आहे. शिरोळचे मीठ हे एका उद्योगाचे टाकाऊ द्रव्य आहे, ते साचणार हे त्या उद्योगाच्या पायाभरणीपूर्वीच छापून ठेवलेले होते, आणि म्हणून ते धुऊन काढण्याचा खर्च एकट्या सातबाराधारकाच्या माथी मारणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

सुरुवात कोल्हापुरात नाही, नीरेच्या खोऱ्यात आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. तो काढला दुष्काळ निवारणाच्या नावाने. पण पाऊस बरा असलेल्या वर्षी ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याकडे फिरकत नाही, आणि सरकारला तर कालव्यावर घातलेल्या पैशाचे व्याज दरवर्षी सुटायला हवे होते. बारमाही पाणी घेणारे आणि त्याची पट्टी भरणारे पीक एकच, ऊस. सासवडकडचे माळी बागायतदार खाली नीरेकाठी उतरले, खंडाने जमिनी घेऊ लागले, गुऱ्हाळे पेटली, पाणीपट्टी वसूल होऊ लागली. आणि पंचवीस वर्षांच्या आत कालव्याखालची जमीन पांढरी पडू लागली.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये या जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने ती छापली. विषय नावातच होता : नीरा खोऱ्यातील खारट जमिनी. (हे तेच मॅन, ज्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास पुढे १९१७ मध्ये आला आणि ज्यांच्याशिवाय दख्खनच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. त्यांच्या खेड्याच्या पाहणीवर निबंध लिहिले जातात. मिठाच्या पुस्तिकेची आठवण क्वचितच कोणी काढतो.) पुस्तिकेचा गाभा असा की, कालव्याच्या पाण्याने जमिनीखालचे पाणी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात, आणि वरून आलेल्या पाण्याला खालून वाट करून दिल्याशिवाय त्यावर उपाय नाही.

म्हणजे १९१० मध्ये निदान झालेले होते. औषधाचे नावही लिहून ठेवलेले होते : निचरा.

एखादी पुस्तिका कपाटात पडून राहिली असे म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण तिच्या मागेपुढे कागदांची रांग आहे. उत्तर हिंदुस्थानात ‘रेह’ म्हणजे हाच पांढरा क्षार. त्याच्या चौकशीसाठी १८७० च्या दशकातच सरकारने समिती नेमली होती. तिकडच्या १८७३ च्या कायद्याच्या नावातच कालव्याशेजारी निचरा हा शब्द आहे. मुंबई इलाख्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ब्लॉक पद्धत’ मांडली : कालव्याखालच्या गटात साधारण तिसऱ्या हिश्शावर ऊस आणि उरलेल्यावर दुसरी पिके, पाळीपाळीने फिरवत. १९१६ मध्ये इलाख्याने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक विशेष विभाग काढला. धरणांच्या प्रतिकृतींसाठी आज प्रसिद्ध असलेले खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याच विभागाचे वाढलेले रूप होय. त्या विभागाच्या कामातून सी. सी. इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांचे दख्खनमधील ओलिताच्या जमिनींच्या निचऱ्यावरचे टिपण १९२८ मध्ये आले. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि १९३८ मध्ये जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवा यांच्याखालच्या मातीचे शास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणत्या मातीतून पाणी उतरते आणि कोणत्या मातीत ते अडते, हे त्यानंतर अंदाजाचे काम राहिले नाही.

वर्षे मुद्दाम दिली आहेत. प्रवरेचा सहकारी कारखाना पहिले गाळप करतो १९५०-५१ मध्ये. सहकारी साखरेचे युग सुरू झाले तेव्हा मिठाचे शास्त्र चाळीस वर्षांचे झालेले होते.

आता कोल्हापूर. जिल्ह्यात ऊस नवा नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळाच्या व्यापारावर वाढली आणि कोल्हापुरी गूळ देशभर गेला. पण त्या उसाला एक नैसर्गिक लगाम होता. पाणी मोटेने काढावे लागे. बैलांना दिवसभर चालवून जेवढे निघेल तेवढेच रान भिजे. मोटेच्या पाण्यावर जमीन पाणथळ करून दाखवणे हे कोणत्याही हावरट माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम होते. हाव तेव्हाही असणारच. माणसाचा स्वभाव काही १९५० नंतर बदललेला नाही.

बदलले ते यंत्र आणि गणित. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे काम शाहू महाराजांनी हाती घेतले. ते १९२२ मध्ये गेले तेव्हा ते अपुरे होते आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याखाली नद्यांवर बंधारे आले, ज्यांना आज राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणतात. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे, पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून पूर आणि गाळ जाऊ द्यायचा. अडवण्याइतकीच सोडण्याची सोय त्या रचनेत आहे, आणि तीच तिची हुशारी आहे. बंधाऱ्यावर उपसा योजना बसल्या, नदीचे पाणी विजेच्या पंपाने मैलभर लांबच्या रानात चढले. नदीत पाणी सोडायची वाट ठेवणाऱ्या त्याच काळाने ज्या रानात हे पाणी नेले, तिथे मात्र ते बाहेर काढण्याची वाट ठेवली नाही.

आणि मग कारखाने. रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा, तात्यासाहेब कोऱ्यांचा वारणा, कुडित्र्याचा कुंभी-कासारी, शिरोळला सा. रे. पाटलांचा दत्त. या माणसांना खलनायक ठरवणे हा इथला हेतू नाही. सावकाराच्या आणि गूळ-अडत्याच्या तावडीतून शेतकऱ्याला काढून त्याला मालक करणारी ती पिढी होती. कुंभार तर संविधान सभेचे सदस्य होते. जिल्ह्यातील शाळा, दवाखाने, दूध संघ यांची मुळे त्याच भांडवलात आहेत. पण उद्योग चांगल्या माणसांनी काढला म्हणून त्याचा टाकाऊ माल नाहीसा होत नाही.

टाकाऊ माल हा शब्द अलंकारिक नाही, साधा हिशेबी आहे. समजा पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार आहेत. चवीला असे पाणी गोडेच लागेल. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले, तर एका एकरावर सुमारे आठ हजार घनमीटर पाणी येते, आणि त्याबरोबर सुमारे चार टन क्षार. पाणी पिकातून आणि उन्हातून हवेत जाते. मीठ हवेत जात नाही. ते खालून वाहून गेले नाही तर तिथेच राहते, आणि पुढच्या वर्षी आणखी चार टन येतात. साखर कारखान्यात जाते, मीठ शेतात उरते.

काळ्या मातीत हे प्रकरण अधिक बिकट होते. तिच्यातील चिकणमातीचे कण ओल्याने फुगतात आणि पाण्याला खाली जाऊ देत नाहीत. खालची पातळी वर येत दीड-दोन मीटरपर्यंत पोहोचली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी वर चढू लागते. पहिली अवस्था खारवट : पांढरा थर, पण रचना शाबूत. पुढची अवस्था चोपण. सोडियम मातीच्या कणांवरील कॅल्शियमला हुसकावून स्वतः बसतो, कण एकमेकांपासून सुटतात, जमीन ओली असता साबणासारखी आणि वाळली की दगडासारखी होते. जुन्या शेतकऱ्यांच्या बोलीत खारवट आणि चोपण हे दोन वेगळे शब्द आहेत; प्रयोगशाळेच्या आधीच हा भेद त्यांनी बोटांनी ओळखलेला होता.

‘पण पाणी तर शेतकऱ्यानेच सोडले ना?’

सोडले. मोकाट सोडले, हेही खरे. आता ते का सोडले ते पाहू. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, पुष्कळदा मध्यरात्री. मोटर चालू करून माणूस घरी येतो आणि वीज जाईपर्यंत पाणी चालते. उपसा योजनेचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आकारले, मापावर नव्हे. कमी पाणी घेणाऱ्याला एक पैसाही सुटत नाही. पीक बदलावे, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासून दर आणि गिऱ्हाईक दोन्ही बांधलेले असे हाताशी पीक एकच. कारखान्याच्या सभासदाने ऊस घालावा ही अपेक्षा. १९८४ च्या आदेशाने तर राज्यात झोनबंदी आली आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत शेत त्यालाच ऊस देणे भाग पडले. विश्वेश्वरय्यांनी तिसऱ्या हिश्शाची मर्यादा सुचवली होती. सहकाराच्या अर्थशास्त्रात मर्यादेला जागाच नव्हती, कारण गाळपक्षमता वाढवायला कर्ज काढलेले असे आणि ते फेडायला आणखी ऊस लागे. वीज मंडळाने पाळी ठरवली, पाटबंधारे खात्याने पाणी सोडले, बँकेने उसालाच पीककर्ज दिले, कारखान्याने नोंद घेतली. एवढ्या सगळ्यांच्या सह्या असलेल्या कागदावर ‘हाव’ मात्र एकट्याची.

याला आणखी एक धार आहे आणि ती शिरोळच्या वरच्या अंगाने येते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्याला उत्तेजन होते. त्या एका मागापासून गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ झाले. कापड विणले की ते धुवावे आणि रंगवावेही लागते. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाच्या हौदात मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात आणि तो पक्का बसावा म्हणून सोडा. रंग कापडावर राहतो, सोडियम पाण्याबरोबर बाहेर पडतो. सामुदायिक सांडपाणी प्रकल्पातील नेहमीची प्रक्रिया गाळ बसवते, जैविक घाण कमी करते. विरघळलेले मीठ तिच्यातून जसेच्या तसे पार होते, कारण ते काढायला वेगळे आणि महागडे तंत्र लागते. पंचगंगेत हे पाणी, त्यात वरून कोल्हापूरच्या जयंती नाल्याचे सांडपाणी, आणि खाली तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा पंचगंगेच्या पाण्याची चर्चा राज्यभर झाली, ती पिण्याच्या पाण्यापुरती. तेच पाणी खालच्या गावांत उपशाने शेतात जाते. क्षारपडीचे मुख्य कारण तुंबलेले पाणी हेच आहे. परंतु जी जमीन सोडियमनेच मरते, तिला नदीतून उद्योगाचा सोडियम पाजायचा आणि वर ‘पाणी जपून वापरा’ असा उपदेश करायचा, याला निर्लज्जपणा म्हणतात.

इतिहासप्रेमी मंडळी या ठिकाणी हमखास मेसोपोटेमिया काढतात. याकोबसेन आणि ॲडम्स यांचा १९५८ चा प्रसिद्ध लेख : कालव्यांनी सुमेरची जमीन खारावली, गहू मागे पडला, क्षार सोसणारे जव पुढे आले, उत्पन्न घटले, सत्ता उत्तरेला सरकली. उपमा भव्य आहे आणि तिच्यात एक सोयीस्कर नियतिवाद दडलेला आहे : सिंचन आले की मीठ येणार, संस्कृत्यांचा शेवट असाच व्हायचा, कोणाला दोष देणार? पहिली गोष्ट, तो सिद्धान्त निर्विवाद राहिलेला नाही. मार्विन पॉवेल यांनी १९८५ मध्ये त्याच मृत्तिकापटांच्या वाचनावर सविस्तर आक्षेप घेतले; टप्प्याटप्प्याने जमीन खारावत गेल्याचे जे पुरावे मानले गेले, ते तसे नाहीत असे त्यांचे म्हणणे. दुसरी गोष्ट, शेजारी इजिप्त आहे. नाईलचा पूर दरवर्षी शेतात शिरे, वाफ्यांत थांबे आणि उतरताना क्षार घेऊन जाई. ती शेती हजारो वर्षे टिकली. तीही सिंचनाचीच संस्कृती होती. फरक पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचा. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : सुमेरच्या शेतकऱ्याकडे मॅन आणि तम्हाणे यांची पुस्तिका नव्हती. माहीत नसताना घडलेल्या नाशाची आणि माहीत असून होऊ दिलेल्या नाशाची इतिहासात एकाच रकान्यात नोंद करता येत नाही.

ही जमीन पुन्हा पिकवता येते. हे या कथेतील सर्वांत आशादायक आणि म्हणूनच सर्वांत दोषदर्शक सत्य आहे. पद्धत अशी : जमिनीच्या पोटात साधारण मीटर-सव्वा मीटर खोलीवर, ठरावीक अंतराने, भोके असलेल्या नळ्या घालायच्या. नळ्यांभोवती गाळणीचे कापड, म्हणजे माती आत जाऊन त्या बुजत नाहीत. या नळ्या एका मोठ्या नळीला मिळतात, मोठी नळी नाल्याला आणि नाला नदीला. मग वरून चांगले पाणी किंवा पाऊस मुरवला की क्षार विरघळून नळीतून निघून जातात. चोपण जमिनीला आधी जिप्सम द्यावे लागते : त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा परत घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली उतरतो. ताग किंवा धैंचा पेरून गाडला की मातीची घडण सावकाश परत येते. नळ्यांशिवाय नुसते जिप्सम टाकणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत साबण ओतणे. दुकानदाराचा माल खपतो, मोरी तुंबलेलीच राहते.

देशात यासाठी १९६९ पासून कर्नालला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. तंत्र उपलब्ध आहे. अडचण वेगळीच आहे : एकट्या शेतकऱ्याला हे करता येत नाही. त्याच्या शेतातील पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून, त्याच्या पुढच्याच्या रानातून नाल्यापर्यंत न्यावे लागते. मध्ये एकाने नाही म्हटले की वरची सगळी नळी निरुपयोगी. नाला बुजवून कोणी ऊस लावला असेल तर तो आधी मोकळा करायचा. नदीला फूग आली, २००५, २०१९, २०२१ सारखा पूर आला, की नळीचे तोंडच पाण्याखाली जाते. तेव्हा ही खासगी दुरुस्ती नव्हे. रस्ता, कालवा, धरण यांच्याच जातीचे हे सार्वजनिक बांधकाम आहे.

गेल्या दशकात शिरोळ तालुक्यात नेमके हे काम उभे राहिले. दत्त कारखान्याने पुढाकार घेतला, कारखान्याचे नेते गणपतराव पाटील यांनी तो विषय लावून धरला. गावोगाव शेतकरी एकत्र आले, बँकेचे कर्ज काढले, नळ्या घातल्या. ज्या रानात वर्षानुवर्षे बाभळी होत्या तिथे पुन्हा ऊस उभा राहिला. हे पाहायला राज्यभरातून लोक येतात आणि ‘शिरोळ पॅटर्न’ म्हणून त्याचे कौतुक होते. कौतुक रास्त आहे. बांधावरून कोर्टात जाणाऱ्या माणसांना एका नळीवर आणणे हे लहान काम नाही.

पण कौतुकाच्या बातम्यांत एक वाक्य सहज निसटून जाते : कर्ज शेतकऱ्याने काढले. कालवे सरकारने खणले, धरणे सरकारने बांधली, साखर कारखान्याला भागभांडवल सरकारने दिले, आणि त्या सगळ्याचे मीठ उपसायला मात्र एकरामागे कर्ज काढायचे ते ज्याचे शेत आधीच वीस वर्षे पडीक आहे त्याने. आत येणाऱ्या पाण्याचा खर्च राष्ट्राचा, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा खर्च खातेदाराचा. ही वाटणी कोणी केली?

शेजारचा कायदा पाहिला की विसंगती डोळ्यांत भरते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांनी एच-ॲसिड बनवले. हा रंगउद्योगाचा कच्चा माल. त्याचा गाळ उघड्यावर टाकला, तो जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी लाल झाले. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजायची, आणि ती किंमत पीडितांच्या भरपाईपुरती नाही, जमीन पूर्ववत करण्याचीही. कारखानदारांनी प्रकरण २०११ पर्यंत लांबवले, हा भाग वेगळा. तत्त्व मात्र देशाच्या कायद्यात बसले. २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही काढले. त्यांचा रोख घातक रसायनांवर आहे. म्हणजे नळीतून आलेला लाल गाळ हे प्रदूषण, आणि चाळीस वर्षे पाटातून आलेले टनांवारी मीठ ही शेतकऱ्याची सवय! बिछडीत कारखान्याचे कुंपण दिसत होते, शिरोळात कारखान्याचे शेत सभासदाच्या नावावर आहे. फरक एवढाच, आणि साखरेच्या उद्योगाला तो फार फायद्याचा पडला आहे.

यावर एक आक्षेप खराच वजनदार आहे. सरकारी पैशाने जमीन धुऊन दिली तर त्यात पुन्हा ऊसच लागेल, पुन्हा मोकाट पाणी, आणि वीस वर्षांनी पुन्हा नळ्या; ही ऊसवाल्यांनाच आणखी एक खैरात नव्हे काय? अट न घालता दिली तर नक्कीच खैरात. म्हणून अट हवी, आणि ती शोधायला लांब जावे लागत नाही. धुतलेल्या गटात विश्वेश्वरय्यांचा हिस्सा लावावा : ऊस तिसऱ्या भागात, बाकीच्यात कडधान्य, भाजीपाला, हिरवळीचे पीक, पाणी मापून, नाले गावाच्या नकाशावर कायम आखलेले. शिरोळच्या भाजीला बाजार नाही असे म्हणण्याची हिंमत जयसिंगपूर-सांगलीच्या मंडईत उभे राहून कोणी करणार नाही.

पैशाचेही तसेच. साखरेवर उपकर बसवून निधी उभारण्याचा कायदा देशाने १९८२ मध्ये केला होता. यंत्रसामग्री अद्ययावत करायला आणि ऊस वाढवायला त्यातून कर्जे मिळत. निधीच्या नावात साखर होती, माती नव्हती. अलीकडे राज्यात ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. म्हणजे उद्योगाने झिजवलेल्या माणसाचा खर्च टनावर आकारता येतो हे तत्त्व मान्य आहे. झिजवलेल्या जमिनीचाही तसाच आकारावा. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याकडून त्याच दराने वर्षाला एक कोटी रुपये जमतात; तेवढ्या पैशात दरसाल काही रानांच्या नळ्या घातल्या जातील, कोणाच्याही सातबाऱ्यावर बोजा न चढवता.

उसाचा रास्त दर ठरवताना कोणते घटक धरायचे, याची यादी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाच्या तिसऱ्या कलमात आहे. उत्पादनखर्च, पर्यायी पिकांचे उत्पन्न, ग्राहकाला रास्त भावात साखर, साखरेची किंमत, उतारा, उपपदार्थांचे उत्पन्न, जोखीम आणि नफ्याची वाजवी रक्कम असे सात घटक. कारखान्याच्या यंत्राचा घसारा ताळेबंदात दरवर्षी धरला जातो. जमिनीचा घसारा या सातांत नाही. ही यादी काही दगडावर कोरलेली नाही. तिच्यातील शेवटचे दोन घटक मूळ आदेशानंतरच्या दुरुस्त्यांनी आलेले आहेत. आठवा घालायला तशीच एक अधिसूचना लागते.